घरात लहान पोरं हायत का

मिलिंद,

तुला दिलेला शब्द मी मोडला. तू दवाखान्यात काचेच्या दाराच्या आत होतास आणि मी बाहेर, तुझ्या ताईच्या शेजारी उभा होतो. तिथंच मोडला. तू शुद्धीवर आलास की पहिल्यांदा तुला हेच सांगायचं, मग तू हवं ते बोल, असं मी ठरवलं होतं. तू शुद्धीवर आलाच नाहीस. आज अठरा दिवस झाले. आता हे कुणाला सांगायचं, म्हणून तुलाच सांगतोय.

पण नुसतं तेवढंच सांगितलं तर तू म्हणशील, यासीन, मधलं सगळं गाळू नकोस. म्हणून सुरुवातीपासून.

तू आमच्या दुकानात पहिल्यांदा आलास ते गादी भरून घ्यायला. पाटबंधारे खात्यात बदली होऊन नुकताच सांगलीत आला होतास. एका खोलीत एकटा. कापूस दाबून भरा, मला मऊ गादीवर झोप लागत नाही, असं तू तीनदा बजावलंस. तरी ती मऊच झाली. तू रिक्षात घालून परत आणलीस, मी परत भरली, तू परत आणलीस. माझा मोठा भाऊ रफिकभाई वैतागून म्हणाला, हे गिऱ्हाईक आपल्याला पिंजून काढणार. त्यानंतर तीनेक महिन्यांनी मोबाईलवरच्या त्या अ‍ॅपवर मला एक माणूस भेटला. सांगलीसारख्या गावात तिथं कोण चेहरा लावतो! तूही लावला नव्हतास, मीही नाही. भेटायचं ठरलं कृष्णेच्या घाटावर, संध्याकाळी पाच वाजता. मी गाडी लावून पायऱ्यांवर आलो तर तिथं तू. मला पळून जावंसं वाटलं. तू मात्र हसलास आणि म्हणालास, "गादी अजून मऊच हाय."

चौथ्या का पाचव्या भेटीत, आपण घाटावर भडंग खात बसलो असताना, तू सहज बोलल्यासारखं म्हणालास की पाटणला तुझा एक मित्र आहे, आपल्यासारखाच, आणि त्याला एचआयव्ही आहे. त्यानं कुणाला सांगावं, कुणाला नाही, त्याला काही सुचत नाही. मी काय म्हणालो ते तुला आठवत होतंच, मलाही आठवतंय. मी म्हणालो, असल्या माणसानं गप घरात बसावं, दुसऱ्याचं वाटोळं कशाला करायचं? तू कागदातले उरलेले शेंगदाणे वेचून खात राहिलास.

फार पुढं, आपण जवळ आल्यावर, तू मला सांगितलंस की त्या क्षणी तू माझ्यावर काट मारली होतीस. पण गाडीकडं जाताना मी विचारलं होतं, "तुझ्या त्या मित्राला गोळ्या मिळतात का वेळेवर?" त्या एका वाक्यावर तू मला आणखी एकदा भेटायचं ठरवलंस. ही तुझी रीत होती. कुणाला सांगायचं असेल तर आधी त्याच्यापुढं तो पाटणचा मित्र ठेवायचा आणि तो माणूस काय म्हणतो ते ऐकायचं. खोलीच्या मालकावर तू ही परीक्षा घेतलीस, ऑफिसातल्या दोघांवर घेतलीस. सगळे नापास झाले आणि कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. मी काठावर पास झालो.

मग हरिपूर. संगमाजवळच्या टपरीवर चहा घेत होतो. तू ग्लास खाली ठेवलास आणि सरळ म्हणालास, "तो मित्र मीच हाय. आपल्यात काही व्हायच्या आधी तुला कळायला पायजे. गोळ्या चालू हायत, रक्तात आता विषाणू सापडत न्हाई, माझ्याकडनं तुला व्हनार न्हाई असं डॉक्टर सांगत्यात. पण ठरवायचं तू."

मी काय केलं? मी उठलो, गाडीला किक मारली आणि निघून आलो. तू माझ्याच गाडीवर मागं बसून आला होतास. तुला तिथं सोडून आलो. तू सांगलीपर्यंत चालत गेलास हे मला नंतर कळालं, तेही तुझ्या तोंडून नाही. तुझ्या शेजारच्या खोलीतला पोस्टमन एकदा बोलता बोलता म्हणाला, एका संध्याकाळी कांबळेसाहेब हरिपूरहून पायी आले, चप्पल तुटली होती. आठ वर्षांत तू एकदाही ते काढलं नाहीस. भांडणातसुद्धा नाही. मी काढायला हवं होतं, माफी मागायला. रोज वाटायचं, आज बोलू.

एकोणीस दिवस मी तुझा फोन घेतला नाही. खरं तर तू दोनदाच केलास. पण त्या दिवसांत मला वेगळाच घोर लागला. तुझ्या आधी मला जे भेटले होते, त्यांपैकी कुणीच मला कधी काही सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. सांगणारा तू पहिलाच. मग जे बोलले नाहीत त्यांचं काय? सांगलीत कुणी ओळखीचं दिसेल म्हणून मी कोल्हापूरला जाऊन तपासणी केली. समुपदेशकाच्या खोलीत एक बाई होत्या. त्यांनी दार लोटून घेतलं आणि रिपोर्ट सांगितला. मला आहे, असं.

स्टँडवर आलो आणि तुलाच फोन लावला. दुसरं होतंच कोण? तू फक्त विचारलंस, कुठल्या फलाटावर आहेस. तू येईपर्यंत दोन तास मी तिथंच बसून होतो, समोरून सांगलीच्या किती गाड्या सुटल्या. तू आलास, शेजारी बसलास. मी काहीतरी टोचून बोलायचं म्हणून बोललो, तुझ्यामुळं मला हे कळालं. तू म्हणालास, "व्हय. माझ्यामुळं कळालं." मग म्हणालास, दोन दिवस मोबाईलवर काही शोधत बसू नकोस, उलटसुलट वाचून डोकं फिरतं. काय विचारायचं ते मला विचार.

नंतर डॉक्टरांनी माझे आकडे बघून सांगितलं की आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. म्हणजे हरिपूरच्या त्या टपरीवर तू तोंड उघडलंस म्हणून मी आज हे लिहायला आहे. तू गप्प राहू शकत होतास. तुझ्याकडून मला धोका नव्हताच, गप्प राहिला असतास तरी कुणी तुला दोष दिला नसता. उलट सांगितल्यामुळं तुला तुटक्या चपलेनं चालावं लागलं.

त्या काळात मी तुला सारखं विचारायचो, कुणाला सांगायचं हे तू ठरवतोस कसं? तू कधी भाषण दिलं नाहीस. तू म्हणायचास, ज्याच्या अंगाशी येणार त्याला आधी सांगायचं. ज्याच्या हातात आपलं अंग द्यायचं, त्या डॉक्टरला सांगायचं. बाकी कुणाचाही हक्क नाही, बाकीच्यांना सांगितलं तर ती आपली मर्जी. दातांच्या डॉक्टरांचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. तुझी दाढ सुजली होती. तू त्यांना सांगितलंस आणि त्यांनी तुला सगळे पेशंट जाईपर्यंत बसवलं, मग म्हणाले मशीन बिघडलंय. बाहेर आल्यावर मी चिडलो. म्हटलं, दुसऱ्याकडं जाऊ, तिथं नको सांगू, कुणाला काय कळतंय? तू गाल धरून दुसऱ्या दवाखान्यात गेलास आणि तिथंही सांगितलंस. त्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली, हातमोजे घातले आणि दाढ काढली. बाहेर येऊन रुमाल तोंडाला लावूनच तू हसलास. मला वाटतं, त्या दिवशी तू माझ्यावर हसत होतास.

पण घरात सांगायचं म्हटलं की हाच माणूस दगड व्हायचा.

तुझा एक चुलतभाऊ सांगलीच्या दवाखान्यात नोकरीला, म्हणून तू गोळ्या साताऱ्याहून आणायचास. रजा टाकून, एसटीनं. कधी मी बरोबर यायचो. येताना तू उंब्रजला उतरून पाटणची गाडी धरायचास आणि आईला सांगायचास, ऑफिसच्या कामानं साताऱ्याला आलो होतो. गोळ्यांच्या बाटल्यांवरचे कागद तू पाण्यात भिजवून काढायचास आणि गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत भरायचास. मी म्हणायचो, आईचं सोड, ताईला तरी सांग. सुजाताताई अंगणवाडी चालवते, शिकलेली आहे, तुझ्यावर जीव टाकते. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं. रोगाचं नाव काढलं की माणसं पहिलं विचारतात, कसा झाला. त्याचं खरं उत्तर दिलं की मी कोण ते सांगावं लागतं. एक दार उघडायला जावं तर दोन्ही उघडतात. आणि मग तू म्हणायचास, "ताईला विचारून बघितलंय मी. तिनं काय ते सांगितलंय."

ते विचारणं म्हणजे तुझा तो पाटणचा मित्र. सहा वर्षांपूर्वी ताईच्या घरी जेवताना तू तिच्यापुढं त्याला ठेवलंस. माझ्या ओळखीच्या एकाला असं असं आहे, म्हणून. ताईनं भाकरी थापता थापता विचारलं, "त्येच्या घरात लहान पोरं हायत का?"

बस, एवढंच. तू त्यातून काढलंस की ताई भ्याली. तिच्या घरात तेव्हा दोन लहान पोरं होती, धाकटी तर मांडीवरची. तुला वाटलं, ती म्हणतेय की असल्या माणसाला पोरांपासून लांब ठेवावं. त्या दिवसापासून तू ताईच्या घरी मुक्काम करायचा बंद केलास. धाकट्या भाचीला उचलून घेणं बंद केलंस. ती मामा मामा करत पायाला मिठी मारायची आणि तू हातातल्या पिशव्या खाली ठेवायचा नाहीस, हे तूच मला सांगितलंस. शिवल्यानं काही होत नाही हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तरी म्हणालास, उद्या तिला कळालं तर तिला वाटू नये की मी तिच्या पोरांना फसवून हात लावला.

मी किती वेळा म्हटलं, अरे तिचं वाक्य अर्धंच असेल. पुढं काय म्हणाली? तू म्हणायचास, पुढं मीच विषय बदलला. मी म्हणायचो, मला दुसरं वाक्य बोलायला दिलंस, तिला का नाही? मला आज वाटतं, मी तुला परका होतो. परक्यानं दुखावलं तर माणूस हरिपूरहून चालत येतो आणि सावरतो. ताईनं दुखावलं असतं तर तू कुठं चालत जाणार होतास?

शेवटचं भांडण यावरूनच झालं. तू गावी जायच्या आठवडाभर आधी, फोनवर. मोठ्या भाच्याचा दहावीचा निकाल लागला होता, पेढे घेऊन तू पाटणला निघणार होतास. मी म्हटलं, या खेपेला सांगूनच ये. तू म्हणालास, "तू रफिकभाईला सांगितलंस का? आठ वर्षं एका ताटात जेवतोस त्याच्या." मी म्हटलं, माझं वेगळं आहे. तू विचारलंस, कसं वेगळं? मी आवाज चढवला. म्हणालो, तू लोकांच्या परीक्षा घेत बसतोस, स्वतः कधी देत नाहीस. मग म्हणालास, "यासीन, माझ्या घरात हे कळायचं असंल तर माझ्या तोंडनं कळू दे. तुझ्या तोंडनं न्हाई. शब्द दे." मी शब्द दिला आणि फोन ठेवला. रागात दिलेला असला तरी शब्द तो शब्दच.

पाटणला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या छातीत दुखायला लागलं. तू आधी पित्त म्हणून सोडा प्यालास. दहा वाजता अंगणात कोसळलास. ताईनं शेजाऱ्याच्या गाडीतनं तुला कराडला आणलं. तुझ्या मोबाईलवर सगळ्यात जास्त वेळा माझाच नंबर होता म्हणून तिनं मला फोन केला. आम्ही एकमेकांना दोनदाच भेटलो होतो, तिच्या लेखी मी तुझा गादीवाला दोस्त. सांगलीहून कराडला पोचेपर्यंत मी बसमध्ये उभाच होतो. बसायला जागा होती.

मी पोचलो आणि पाचच मिनिटांत डॉक्टर बाहेर आले. चाळिशीचे असतील, घाईत होते. हृदयाला मोठा झटका आहे, उपचार चालू आहेत, म्हणाले. मग परत एकदा विचारलं, आधीचा काही आजार? रोजची काही औषधं? ताईनं अगदी खात्रीनं सांगितलं, "काय न्हाई डॉक्टर. डोकं दुखलं तरी गोळी घेत न्हाई तो."

डॉक्टर लिहायला लागले. मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. मिलिंद, मला तुझा आवाज ऐकू येत होता. माझ्या तोंडनं कळू दे. आणि तुझंच दुसरं वाक्य, ज्याच्या हातात अंग द्यायचं त्याला सांगायचं. दोन्ही तुझीच. मी म्हणालो, "डॉक्टर, त्याच्या एचआयव्हीच्या गोळ्या चालू आहेत. नऊ वर्षं."

डॉक्टरांनी वर बघितलं. कुठल्या गोळ्या, नियमित आहेत का, एवढंच विचारलं. मी नावं सांगितली, एकही दिवस चुकवलेला नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं सांगितलं, औषध देताना बघावं लागतं. आणि आत गेले. मशीन बिघडलं नाही, कुणी मागं सरकलं नाही. तू इतकी वर्षं ज्याची भीती धरलीस, ती त्या व्हरांड्यात एका मिनिटात आली आणि गेली.

आता मला वाटतं, डॉक्टरांना चार पावलं बाजूला घेऊन सांगता आलं असतं. शब्दही राहिला असता आणि कामही झालं असतं. अठरा दिवस रोज वाटतंय. घाईत सुचलं नाही असं मी स्वतःला सांगतो. पण तुझ्याशी खोटं बोलत नाही. त्या क्षणी माझ्या मनात कुठंतरी होतं की ताईला कळू दे. आता तरी कळू दे. मी ते तुझ्यासाठी केलं की आपलं भांडण जिंकण्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याबद्दल तू मला बोलायला हवा होतास.

ताई नळाकडं गेली, तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि परत आली. म्हणाली, "यासीनभाऊ, आजची गोळी घेतली असंल का त्यानं? पिशवी गाडीतच हाय, बघू का?" आम्ही दोघांनी पिशवी उघडली. वर पेढ्यांचा रिकामा पुडा, खाली व्हिटॅमिनची डबी. तिनं डबी हातात घेतली. आईकडं फळीवर ती डबी कितीदा बघितली होती, म्हणाली. एकदा तर तिनं गंमतीनं विचारलंही होतं, मलाबी दे की ताकदीची गोळी.

मग बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?" कसा झाला, ते नाही विचारलं. तुमी दोघं एकत्र हुता न्हवं, असं मात्र विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर, आपल्याला काही तरी आधीच ठाऊक असल्यासारखी मान हलवली. तू तिला का सांगितलं नाहीस, याचं उत्तर माझ्याकडं होतं. ते द्यावं की नाही, मला कळेना. पण ती वाट बघत होती. मी तिला पाटणच्या मित्राचं सांगितलं. भाकरी, तू, आणि तिचा तो प्रश्न.

तिला आठवायला वेळ लागला. मग आठवलं. ती म्हणाली, "आवं, आमचं तवा नुकतंच ट्रेनिंग झालं हुतं. आईबापाला असंल तर पोरांची तपासनी करून घ्यायची, त्यास्नी लवकर औषध मिळतं, असं शिकवलं हुतं. म्हनून इचारलं मी. त्या मानसाची पोरं असतील तर त्यास्नी घेऊन जाते म्हननार हुते. त्यानं लगेच निकालाचं का कशाचं काढलं." मग बराच वेळ ती पदर तोंडात धरून बसली. नंतर म्हणाली की तू पोरीला उचलत नाहीस, मुक्कामाला राहत नाहीस, तेव्हा घरात बोलणं झालं होतं. सांगलीला नोकरी लागली, साहेब झाला, आता भाऊ आपल्यात बसत न्हाई. ती तुझ्यावर रुसली होती, मिलिंद. सहा वर्षं. ती तुझ्यावर आणि तू तिच्यावर, आणि दोघं एका वाक्यावर. ते वाक्य तिला तर आठवतही नव्हतं.

चार वाजता तिला पाच मिनिटं आत सोडलं. ती तुझ्या कानाशी वाकली होती, काचेतनं दिसलं. काय बोलली ते मी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, पेशंट ऐकू शकतो की नाही सांगता येत नाही. मला नात्याच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं, म्हणून मला सोडलं नाही. ताईनं दारावरच्या माणसाला सांगून बघितलं, भाऊच हाय आमचा, म्हणाली. त्यानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. एकच नातेवाईक, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तू गेलास.

गावात तुला पोचवलं तेव्हा मी मागच्या रांगेत होतो. त्रिशरण चालू होतं, मला शब्द येत नव्हते, मी नुसता हात जोडून उभा. सांगलीत परत आलो तर रफिकभाईनं विचारलं, एवढा कसला घोर लावून घेतलास, गिऱ्हाईकच होतं ना? दोस्त होता म्हटलं. तो म्हणाला, हां, दोस्त जातो तेव्हा लागतं. त्यानं माझ्यासाठी चहा ठेवला. मी कप घेऊन त्याच्या समोर बसलो आणि तोंडापर्यंत आलेलं गिळलं. तू विचारलं होतंस, कसं वेगळं? उत्तर अजून नाही. तुझ्यामागं मी काही शूर झालेलो नाही, हे तुला कळलेलं बरं.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. आईला सांगू का, विचारत होती. मी म्हटलं, ताई, मी एकदा त्याचा शब्द मोडलाय, मला विचारू नका. ती म्हणाली, "तो हुता तवर त्याचा हक्क हुता. आता मी एकटीनं कुठवर वागवायचं? आईपशी रडायला तरी मिळंल." मग तिनंच सांगितलं आईला. कधी आणि कसं, ते मला माहीत नाही.

जलदानविधीला मी गेलो. तुझा फोटो मांडला होता, सर्व्हिस बुकातला असावा, त्यात तू उगाच कडक दिसतोस. भंतेजींचं झालं, जेवणं सुरू झाली. तुझी धाकटी भाची पंगतीत पाणी वाढत होती. उंच झालीय. मी मागच्या दारानं परड्यात गेलो तर तिथं शेवग्याखाली आई एकटीच बसली होती. मला बघून तिनं हातानं जवळची जागा दाखवली. मी बसलो.

"सुजीनं सांगितलं मला," ती म्हणाली. "गोळ्या घ्यायचा का येळच्या येळी?"

"एकबी चुकवली न्हाई, आई."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे तुझ्यासारखे आहेत हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

"आनि तू?"

आठ वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारलेला नव्हता. कुणी विचारलाच तर काय खोटं सांगायचं, ते मी पाठ करून ठेवलं होतं. पित्ताच्या गोळ्या, रक्तवाढीच्या गोळ्या. तिथं शेवग्याखाली त्यातलं एकही आठवलं नाही.

"मीबी घेतो," मी म्हणालो.

"घरी ठावं हाय?"

"न्हाई. मिलिंदला हुतं फकस्त."

आतनं कुणीतरी तिला हाक मारली, भाताचं काहीतरी विचारत होते. ती माझ्या खांद्यावर भार देऊन सावकाश उठली. लुगडं झटकलं, आणि आत जाता जाता, मागं न बघता म्हणाली,

"आता मला हाय."